पहिली बाजू, सत्तावीस मिनिटं

आत्याने रॅक दोन्ही हातांनी उचलला, निकलच्या टाकीवर नेला आणि तिथेच धरून उभी राहिली. वीस हँडलं लटकवलेला रॅक म्हणजे बारा-तेरा किलो वजन. हातात कोपरापर्यंत रबरी मोजे, पायात दोन नंबर मोठे गमबूट, डोक्याला घट्ट फडकं. ती रॅक खाली सोडत नव्हती, कारण गाणं अजून सुरू झालं नव्हतं.

"भिंगरे," ती खिडकीतून ओरडली, "झोपलीस का?"

मी बफिंगच्या खोलीत होते. चाक बंद केलं, चष्मा कपाळावर सरकवला आणि फळीवरच्या टेपचं बटण दाबलं. आधी नुसती सरसर आली. मग विहिरीच्या तळातून कुणी हाक मारावी तसा एक माणूस बोलायला लागला, आणि त्याच क्षणी आत्याने रॅक सोडला. हिरव्या पाण्यात हँडलं दिसेनाशी झाली. मी चष्मा खाली ओढला आणि पुन्हा चाकाला भिडले.

हे आमचं रोजचं. कारखान्यात अजूनही काही लोक म्हणतात की गाण्यांच्या नादात आत्याने माल घालवला होता. त्यांच्यातल्या एकालाही टाकीपाशी पाच मिनिटं उभं राहवत नाही. म्हणून मी हे लिहितेय, आणि जसं झालं तसं लिहितेय.

आमचं काम मुलाम्याचं. लोखंडाच्या वस्तू येतात, मी त्या चाकावर घासून गुळगुळीत करते, आत्या त्यांना आधी निकल चढवते आणि मग वरून क्रोम. निकल कमी वेळ चढलं तर आठवड्यात गंज येतो, जास्त वेळ चढलं तर निकल फुकट जातं. म्हणजे सगळा खेळ वेळेचा. आता कुणीही विचारेल, मग घड्याळ लावा की. लावलं ना. टाकीच्या खोलीत वाफा एवढ्या की भिंतीवरचं घड्याळ चार-सहा महिन्यांत मरतं. आधी काटे हिरवे पडतात, मग सेकंदकाटा एका जागी थरथरत राहतो. मनगटावर बांधावं तर वर मोजे. फोन ॲप्रनच्या आत, आणि मोजे घातलेल्या हाताने तो काढायचा म्हणजे संपलंच. डोळे टाकीत, हात मोज्यात. उरतात ते कान.

आत्या बावीस वर्षांची असताना इथे खोकी बांधायला आली. टाकीवरचा माणूस दर सोमवारी दांड्या मारायचा, आणि एका सोमवारी ही ॲप्रन बांधून उभी राहिली. तो मंगळवारी आला तेव्हा त्याला म्हणाली, "तू खोकी बांध." त्याने बांधली. त्यानंतर तीस वर्षं टाकी तिची.

मी नववीत शाळा सोडली तेव्हा बाबांनी घर डोक्यावर घेतलं. आत्या त्यांची धाकटी बहीण, पण बोलायला कुणाच्या बापाला भ्यायची नाही. म्हणाली, "दादा, तिला बसून काही जमत नाही. उभं राहून काय जमतं ते बघू." दुसऱ्या दिवशी तिने मला चाकासमोर उभं केलं. पहिल्याच आठवड्यात माझ्या हातातून एक नळ सुटला आणि छताला लागून मालकांच्या डब्यात पडला. आत्या मालकांना म्हणाली, "नेम चांगला आहे, हात बसेल." तेव्हापासून मी तिची. तिच्याबद्दल कुणी वाकडं बोललं की माझं डोकं सटकतं, हे आधीच सांगून ठेवते.

तर ती टेप. माझ्याही आधी एक लांब केसांचा पोरगा माईकचे स्टँड चमकवून घ्यायला आला होता. जाताना म्हणाला, काम करताना ऐका, आणि एक कॅसेट ठेवून गेला. आत्याने जुन्या बाजारातून एक टेप आणली आणि ती लावली. त्या गाण्यांची भाषा आम्हाला दोघींनाही येत नाही. पण तिच्या लक्षात आलं की पहिली बाजू सुरू करून रॅक सोडला आणि बाजू संपून बटण खट्ट करून वर आलं की काढला, तर निकल बरोबर बसतं. ना कमी, ना जास्त. मग मी कॅसेट पालटायची. दुसऱ्या बाजूचं पहिलं गाणं क्रोमचं. ते संपलं की काढ, धू, वाळायला लाकडाच्या भुशात टाक.

अशी ती एकच कॅसेट अकरा वर्षं. दिवसातून आठ-दहा वेळा.

गाण्यांची नावं आत्याने ठेवलेली. पहिलं 'विहीर'. दुसरं 'गिरणी', कारण त्यात सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकच घरघर चालते आणि तिच्यावर तो माणूस कणभर कणभर गातो. तिसरं 'पोरं घरी आली', त्यात मधेच लहान मुलांचं हसणं येतं, अगदी जवळून, आणि निघून जातं. चौथं 'उलटी बाई', त्यात बाई गाते पण शब्द पाठमोरे चालल्यासारखे वाटतात. पाचवं 'आजारी पेटी'. आणि शेवटचं 'मोठा जिना'. जिना आठ-नऊ मिनिटांचा. चढतो, चढतो, वाटतं आता आलं वरती, की पुन्हा चढतो. मधे ढोल थांबतात आणि गिटार एकटीच गुणगुणत राहते. ते ऐकलं की आत्या मोजे नीट वर ओढून टाकीशी जाते. मग सगळे मिळून एकदम आदळतात, आणि खट्ट.

मी एकदा फोनवर वाचलं की असल्या संगीताला सायकेडेलिक म्हणतात.

"म्हणजे काय?" आत्याने विचारलं.

"डोकं फिरवणारं."

"माझं तर जागेवर येतं," ती म्हणाली.

आता ताईंचं सांगते. ताई म्हणजे मालकांची मुलगी. शिकून आली आणि तिने कारखाना हातात घेतला. बाई हुशार, हे मी नाकारत नाही. पण गळ्यात सतत स्टॉपवॉच, म्हणून मागून तिचं नाव स्टॉपवॉच. तिने मालकांच्या कपाटातून एक जुना कागद काढला, त्यावर लिहिलेलं, निकल चोवीस मिनिटं. आणि आत्याचा रॅक तिने मोजला तर सत्तावीस.

"तीन मिनिटं जास्त का?" ताईंनी विचारलं.

"गाणं तेवढं आहे," आत्या म्हणाली.

ताईंनी माझ्याकडे पाहिलं. मी चाकाकडे.

"आत्या, टायमर बसवू या आपण."

"बसवा. घड्याळांशेजारी जागा आहे." तिने भिंतीकडे बोट केलं. तिथे तीन मेलेली घड्याळं होती.

मला मजा वाटली, पण भीतीही वाटली. टेप म्हातारी झाली होती. मधेच घोगरायची, दोनदा तिने फीत चघळली. एखाद्या दिवशी ती ताईंसमोर बंद पडली तर टायमर ठरलेलाच, आणि टायमर आला की बटण दाबायला कुणीही चालतं. मग मी ठरवलं की आत्याला नवं काहीतरी आणून द्यायचं. आधी फोनला ते गाणं ऐकवलं, म्हटलं ओळख. फोन म्हणाला, सापडत नाही. तीनदा ऐकवलं, तीनदा तेच. मी फोनला शिव्या घातल्या. मग कॅसेटवरचं बँडचं नाव एकेक अक्षर बघून टाइप केलं, आणि आला की सगळा अल्बम. चित्रासकट, दोन्ही बाजू सलग. आवाज असा स्वच्छ की 'पोरं घरी आली'मधली पोरं माझ्या खांद्यावर येऊन बसली. एक चांगला स्पीकर घेतला, सोमवारी सकाळी आत्या यायच्या आधी फळीवर लावला. जुनी टेप कोपऱ्यावरच्या भंगारवाल्याला विकून टाकली. जागा अडवायची ना.

आत्या आली. गाणं लागलं. ती खिडकीशी आली, हात कमरेवर, आणि ऐकत राहिली.

"कसं वाटतंय?" मी दात काढून विचारलं.

"चकचकीत आहे," ती म्हणाली. "तू आणलंस?"

"मग कोण आणणार?"

"हं. छान आहे गं." आणि ती कामाला लागली.

आता बाजू पालटायची नव्हती, सगळं सलग वाजायचं, म्हणून मला मधे उठावं लागत नव्हतं. मी दिवसभर चाकावर. आठवडा मस्त गेला. गुरुवारी आत्याची दाढ दुखायला लागली आणि ती दुपारी दातांच्या डॉक्टरकडे गेली. टाकी रिकामी दिसली असती तर ताई लगेच स्टॉपवॉच घेऊन आल्या असत्या. म्हणून मी ॲप्रन बांधला आणि दोन रॅक काढले, विहिरीपासून जिन्यापर्यंत, तंतोतंत. संध्याकाळी टेम्पो माल घेऊन गेला. आत्याला सांगितलं तेव्हा तिच्या गालात कापूस होता. नुसती बघत राहिली. मला वाटलं दाढ.

ती हँडलं एका व्हीलचेअरच्या कंपनीची. दहा दिवसांनी त्या कंपनीने दोन खोकी परत पाठवली.

त्यांच्याकडे एक कपाट असतं, त्यात माल ठेवून मिठाच्या पाण्याचा फवारा मारतात. चार दिवस टिकला तर पास. आमच्या हँडलांवर दुसऱ्याच दिवशी तपकिरी ठिपके आले होते. आत्याने एक हँडल उचललं, अंगठ्याने घासलं, उजेडात धरलं. डॉक्टर रुग्णाची जीभ बघतो तसं बघितलं.

ताईंनी आम्हाला ऑफिसात बोलावलं. मालकही बसले होते, पण ते हल्ली ताईंकडे बघूनच मान हलवायचे.

"सोमवारी कंपनीचा तपासनीस येतोय," ताई म्हणाल्या. "त्याच्यासमोर तीन रॅक काढायचे, तो घेऊन जाणार आणि फवाऱ्याखाली ठेवणार. पास झाले तर ठीक. नाही झाले तर टाकीवर मी दुसरा माणूस ठेवते, टायमर लावून. आत्या, तुम्ही खोकी बांधायला या. पगारात फरक पडणार नाही."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. "तीस वर्षं झाली तिला, आणि खोकी?"

"भिंगरे, गप," आत्या म्हणाली. मग ताईंना म्हणाली, "सोमवारी किती वाजता?"

"अकरा."

"दहाला या म्हणावं. अकराला जेवणाच्या आधीची घाई होते." आणि उठली. तिला भीती वाटली असेल तर ती तिने कुठे ठेवली होती कोण जाणे.

मला मात्र झोप येईना. टाकी तीच, पाणी तेच, करंट तोच, हात तेच. मग बिघडलं काय? मी मनात ताईंवर खापर फोडत होते, निकल बदललं असणार, स्वस्तातलं आणलं असणार. शनिवारी काम लवकर सुटलं. सगळे गेले, टाक्या बंद केल्या, आणि आत्याने दोन बादल्या पालथ्या घातल्या. एकीवर ती बसली, एकीवर मला बसवलं.

"लाव," म्हणाली.

"रॅक नाही आणि गाणं कशाला?"

"लाव गं. कधी नुसतं ऐकलंयस का? आणि तो फोन हातात ठेव, किती वेळ झाला बघत."

खरंच, इतक्या वर्षांत आम्ही तो अल्बम नुसता ऐकलाच नव्हता. एरवी त्याच्यावर चाकाची घरघर, पंख्याची घरघर, टाकीचा बुडबुडाट. आता खोलीत काहीच नव्हतं. विहीर सुरू झाली. मला वाटलं आवाज भिंतीतून निघतोय, एकदा उजव्या भिंतीतून, एकदा डाव्या. गिरणीत मी कधी न ऐकलेली एक बारीक घंटा होती. मी भारावून ऐकत होते, आणि आत्या शेजारी बसून तेच गाणं गुणगुणत होती. शब्द नाहीत, नुसतं हं-हं, खोल आवाजात. पण काहीतरी खटकत होतं. ती चुकत होती. गाणं पुढे जात होतं आणि ती मागे राहत होती.

"आत्या, मागे पडतेयस."

ती थांबली नाही. हाताने मलाच गप्प केलं. पोरं हसून गेली तरी हिची पोरं अजून यायची होती. उलटी बाई संपली तरी ही तिच्या मधोमध. मला हसू यायला लागलं, मग ते थांबलं. कारण आत्या चुकत नव्हती. ती एका चालीत, न अडखळता, पायरीपायरीने चालली होती. आणि तिचा सूरही वेगळा होता, खाली.

स्पीकरमधला जिना आदळून संपला. मी फोन पाहिला. चोवीस मिनिटं. आत्याची गिटार आता कुठे एकटी गुणगुणायला लागली होती. ती सावकाश वर चढली, मांडीवर थाप मारून तिने शेवटचा आदळा दिला, आणि तोंडाने म्हणाली, "खट्ट."

सत्तावीस.

"या तुझ्या फोनमधला माणूस आपला नाही," आत्या म्हणाली. "आपल्याचा आवाज जड आहे, दमून घरी आल्यासारखा. हा कुणीतरी त्याचा धाकटा भाऊ दिसतो. ताजातवाना, आंघोळ करून आलेला."

मी तशीच उठले आणि पळत भंगारवाल्याकडे गेले. टेप त्याने फोडून टाकली होती, तांबं एकीकडे, चुंबकं एकीकडे. मी विचारलं, आत एक रबरी पट्टा असतो तो कुठाय. त्याने पत्र्याच्या डब्यात हात घालून काढून दिला. जुन्या पायजम्याचं इलॅस्टिक असतं तसा लोंबत होता. टेपमधलं चाक फिरवायचं हे त्याचं काम, आणि तो घसरत होता. आमची टेप पहिल्यापासून हळू चालत होती. जुन्या बाजारातून आली तेव्हाच दमलेली होती. आम्ही इतकी वर्षं ज्याला ऐकत होतो तो जड आवाजाचा माणूस जगात कुठेच नव्हता, तो फक्त आमच्या फळीवर राहायचा. आणि त्याला मी किलोवर विकला होता.

परत आले तेव्हा आत्या भुसा झाडत होती. मी सगळं सांगितलं.

"मी आत्ता जाऊन ताईंना सांगते," मी म्हणाले. "माझ्यामुळे झालंय. गाणं मी बदललं."

"काही सांगायचं नाही."

"का पण?"

"टाकीवर मी असते. टाकीतून निघतं ते माझं. गाणं कोण लावतं, बटण कोण दाबतं, ते आपल्या घरातलं." तिने झाडू माझ्या हातात दिला. "आणि तू असं तोंड करून सोमवारी आलीस तर तपासनीसाला वाटेल इथे कुणी गेलंय."

"सोमवारी वाजवणार काय पण? टेप कुठाय?"

"टेप कशाला पाहिजे?" ती म्हणाली, आणि तिला खरंच आश्चर्य वाटलं होतं.

सोमवारी दहाला तपासनीस आला. बारीक, इस्त्रीचा शर्ट, हातात खटक्याचं पेन. ताई स्टॉपवॉच घेऊन, मालक खुर्ची घेऊन. आत्याने मला सांगून स्पीकर बंद ठेवला, चाकही बंद.

"बोलायचं असेल तर बाहेर जा," तिने सगळ्यांना सांगितलं. "गप्प बसायचं असेल तर उभे राहा."

मालक खुर्चीवर बसलेले तेही उभे राहिले.

आत्याने रॅक उचलला, टाकीवर धरला, डोळे मिटले. ओठ बंद ठेवून तिने विहिरीतल्या माणसाची हाक दिली, आणि रॅक सोडला.

मी तिला हे करताना कधी पाहिलं नव्हतं, कारण एरवी मी भिंतीपलीकडे असते. ती टाकीच्या कडेला उभी राहून वजन या पायावरून त्या पायावर टाकत होती, गमबूट ओल्या फरशीवर चपचप वाजत होते, आणि तो ठेका होता. गिरणीला ती दातांवर जीभ ठेवून घरघरत होती. पोरं घरी आली तेव्हा ती हसली, दोनदा, अगदी कोरडं, हिशोबापुरतं. तपासनीस दचकला.

"काय म्हणतायत त्या?" त्याने माझ्या कानात विचारलं.

"अल्बम."

"कुठला?"

"पहिली बाजू," मी म्हणाले.

तो पुढे काही विचारणार होता, पण मालकांनी त्याच्याकडे असं पाहिलं की त्याने पेन खिशात ठेवलं.

आजारी पेटी संपली. जिना लागला. ताई घड्याळाकडे बघत होत्या, आणि मी ताईंकडे.

"आत्या," त्या हळूच म्हणाल्या, "चोवीस झाली."

आत्याने एक बोट वर केलं. थांब, असं नाही, तर आलेच, असं. ढोल थांबले. म्हणजे तिचे पाय थांबले. नाकातून एक बारीक सूर सुरू राहिला, एवढा बारीक की ऐकायला सगळे पुढे झुकले. तेवढ्यात तिने मोजे वर ओढले. मग एकदम दोन्ही पाय आपटले, आणि रॅक बाहेर. हँडलांवरून हिरवं पाणी ओघळलं आणि खाली दुधासारखा उजेड दिसला. मग क्रोम, त्यालाही तिच्या तोंडचंच गाणं. मग धुणं, मग भुसा.

"पहिल्या टाकीत सत्तावीस मिनिटं, दहा सेकंद," ताई म्हणाल्या.

दुसरा रॅक, सत्तावीस आणि सात. तिसरा, सत्तावीस आणि बारा. ताईंनी आकडा लिहिला, खोडला, पुन्हा तोच लिहिला. तीन तास झाले होते आणि आत्याचा घसा बसला होता. तपासनीस खोकी घेऊन जाताना दारात थांबला.

"शेवटचं ते चढत जाणारं," तो म्हणाला, "त्याचं नाव काय?"

"मोठा जिना," आत्या म्हणाली. "पण दुकानात या नावाने मागू नका."

सहाव्या दिवशी फोन आला. चार दिवस फवारा, एक ठिपका नाही. पाचव्या दिवशीही ठेवून पाहिलं, नाही. ताई स्वतः टाकीच्या खोलीत आल्या आणि त्यांनी आत्याला विचारलं, "मग मी कागदावर सत्तावीस लिहू का?" आत्या म्हणाली, "लिहा की. तुमच्या वडिलांचं अक्षर वाईट होतं, तुमचं चांगलं आहे." ताई हसल्या. त्यानंतर मी त्यांना स्टॉपवॉच म्हणणं सोडलं. म्हणजे आठवड्यातून एखाद्या वेळी म्हणते.

टायमरही आला, भिंतीवर लागला, आणि चार महिन्यांत त्याची घंटा गेली. त्याआधीच मी फोनमध्ये गाण्याचा वेग कमी करायची सोय शोधली होती. पहिली सापडली तिच्यात वेग उतरायचा पण आवाज तसाच राहायचा, नुसता धाकटा भाऊ रेंगाळत चाललाय असं वाटायचं. मग दुसरी सापडली, तिच्यात आवाजही खाली येतो. थोडं कमी, थोडं जास्त, असं करत करत एका जागी आणलं आणि आत्याला हाक मारली. ती खिडकीशी आली. विहिरीतून तो जड आवाजात बोलला.

"आला घरी," आत्या म्हणाली, आणि रॅक उचलायला गेली.

मी इतके दिवस समजत होते की त्या आठवड्यातला सगळा माल माझ्या गाण्यामुळे वाया गेला, फक्त कंपनीने दोनच खोकी उघडून पाहिली, म्हणून वाचलो. परवा ताई ऑफिसात जुने कागद फाडत होत्या आणि मी चहा घेऊन गेले. बोलता बोलता त्या म्हणाल्या, तुझी आत्या खोटं बोलते तेव्हा ओळखू येतं. म्हटलं, कधी बोलली? म्हणाल्या, "परत आलेल्या दोन्ही खोक्यांच्या चिठ्ठ्यांवर गुरुवार दुपार होती. मी तिला विचारलं, गुरुवारी दुपारी टाकीवर तुम्हीच होतात ना? होते, म्हणाली. गाल तेव्हाही थोडा सुजलेला होता." कंपनीने त्या आठवड्याची सगळी चोवीस खोकी तपासली होती. स्पीकरवर चोवीस मिनिटांचं गाणं वाजत असूनही आत्याच्या हातची बावीसच्या बावीस पास झाली होती.